कुजबुजीने येणारी झिणझिण: एएसएमआरचं विज्ञान आणि त्याच्या मर्यादा

 

ही मालिका प्रथमच वाचणाऱ्यांसाठी दोन ओळींत तिरुविडैमरुदूर या आमच्या गावाची ओळख करून देतो. कुंभकोणमपासून आठ-नऊ किलोमीटरवरचं हे गाव. श्रीशैलमचा मल्लिकार्जुन आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतो. इथला महालिंगस्वामी म्हणजे मध्यार्जुन. तंजावरच्या भोसल्यांपैकी अमरसिंह राजे १७९८ साली गादीवरून दूर केले गेले, तेव्हा ते याच गावी येऊन राहिले. माझ्या पत्नीचं माहेर तंजावरी मराठी. त्यामुळे तोफखान्यातून निवृत्त झाल्यावर आम्ही इथेच घर केलं.

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. बेळगाव, बडोदा आणि इंदूर अशा तीन गावांतल्या प्रेक्षकांनी जवळपास एकच प्रश्न विचारला. घरातली मुलं रात्री कानाला हेडफोन लावून चमत्कारिक व्हिडिओ बघतात. कुणी कॅमेऱ्याजवळ येऊन कुजबुजतं, कुणी नखांनी लाकडी डबीवर टकटक करतं, कुणी माइकवरून ब्रश फिरवतं. तासभर दुसरं काहीच घडत नाही, आणि मुलं म्हणतात, "यानं डोक्यात छान झिणझिण्या येतात, झोप लागते." हे खरं आहे का? हे खूळ आहे की उपाय? आणि यात काही वावगं तर नाही ना?

या प्रकाराला एएसएमआर म्हणतात. एकेक मुद्दा घेऊन पाहू.

आधी आपले शब्द नीट लावू

अंगावर जे काही 'येतं' त्याला मराठीत भरपूर शब्द आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. मांडी घालून बराच वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात; तिथे नस दबलेली असते. कोपराच्या हाडावर आपटलं की हातभर झिणझिण्या जातात. तोही नसेचाच मामला. थंडीनं किंवा भीतीनं शहारा येतो, अंगावर काटा उभा राहतो. तेव्हा केसांच्या मुळाशी असलेले चिमुकले स्नायू आकसतात. कुणी बगलेत बोट घातलं की गुदगुल्या होतात. आणि एखादा सूर काळजाला भिडला की रोमांच येतात. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत रोमांच आहे. म्हणजे मनातलं काही त्वचेवर उमटतं, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

एएसएमआर यातल्या कुठल्याच खणात नीट बसत नाही. ज्यांना हा अनुभव येतो ते साधारण एकच वर्णन करतात: टाळूपाशी किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला सौम्य झिणझिण सुरू होते, ती मानेवरून पाठीच्या कण्याने खाली उतरते, कधी खांद्यांपर्यंत आणि हातांपर्यंत जाते. तिच्याबरोबर मन निवतं, अंग सैलावतं, डोळे जड होतात. काटा येईलच असं नाही. शहाऱ्याप्रमाणे ती क्षणात संपत नाही. काही मिनिटं टिकू शकते. न्हाव्यानं कानामागून हळू कात्री चालवावी, आजीनं डोक्यात तेल घालताना बोटं फिरवावीत, तेव्हाची ती गुंगी आठवा. फरक इतकाच की इथे अंगाला कुणी हात लावलेला नसतो.

नाव कुठून आलं

पूर्ण नाव आहे ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स. ऑटोनॉमस म्हणजे आपोआप होणारी, सेन्सरी म्हणजे संवेदनेची, रिस्पॉन्स म्हणजे प्रतिसाद. 'मेरिडियन' हा शब्द इथे परमोच्च बिंदू अशा अर्थानं घेतलाय; चिनी सुईवैद्यकातल्या मेरिडियनशी त्याचा संबंध जोडू नये. हे नाव कुठल्या प्रयोगशाळेनं दिलेलं नाही. जेनिफर ॲलन या अमेरिकन बाईंनी ते २०१० मध्ये तयार केलं. लोकांना असा अनुभव लहानपणापासून येत होता, पण सांगायला संकोच वाटायचा. भारदस्त, कोरडं नाव मिळाल्यावर तो संकोच कमी झाला, हाच त्यामागचा हेतू होता. म्हणून लक्षात ठेवा: नाव शास्त्रीय वाटतं, पण नाव आधी आलं आणि शास्त्र नंतर.

तिरुभुवनमचं साडीचं दुकान

आमच्या शेजारचं तिरुभुवनम हे गाव रेशमी साड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तुमच्याकडे येवल्याची पैठणी, तशी इकडे तिरुभुवनमची साडी. त्या दुकानात बसणं म्हणजे एएसएमआर समजून घ्यायला उत्तम जागा.

विक्रेता वयस्कर आहे. तो गादीवर मांडी घालून बसतो. साडीची घडी अगदी सावकाश उलगडतो. कोऱ्या रेशमाचा तो बारीक कुरकुर आवाज होतो. जरीवरून तो तळहात फिरवतो आणि खालच्या पट्टीत, जणू आपल्या एकटीलाच सांगतोय अशा आवाजात, काठ आणि पदर समजावतो. पुन्हा तितक्याच सावकाश घडी घालतो. माझी पत्नी दर वेळी म्हणते, "अहो, डोक्यात गोड मुंग्या येतात. साडी नको, नुसतं उलगडताना बघत बसावंसं वाटतं." मी शेजारीच बसलेला असतो, आणि मला बिलाच्या काळजीपलीकडे काही होत नाही.

या प्रसंगातले घटक सुटे करून पाहा: हळू आवाज, कुरकुरीत ध्वनी, संथ हालचाल आणि कुणीतरी केवळ आपल्याकडे दिलेलं लक्ष. वेल्समधल्या स्वॉन्झी विद्यापीठातल्या एमा बॅरट आणि निक डेव्हिस यांनी २०१५ मध्ये या विषयावरचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. एएसएमआर अनुभवणाऱ्या ४७५ जणांना त्यांनी विचारलं, की तुम्हाला कशानं झिणझिण येते? ७५ टक्के म्हणाले कुजबुजीनं, ६९ टक्के म्हणाले व्यक्तिगत लक्ष दिल्यानं, ६४ टक्के म्हणाले कुरकुरीत आवाजांनी, आणि ५३ टक्के म्हणाले संथ हालचालींनी. साडीच्या दुकानात हे जवळपास सगळं एका गादीवर सापडतं. बहुतेकांनी हेही सांगितलं, की अनुभवाची सुरुवात लहानपणीच झाली होती. म्हणजे व्हिडिओंनी हा अनुभव निर्माण केलेला नाही. आधीपासून असलेल्या अनुभवाला त्यांनी बाजारपेठ दिली. राजस्थानात पुष्करला डोक्याची मालिश करणारे बाबा सेन 'कॉस्मिक बार्बर' म्हणून जगभर पाहिले गेले, ते याच कारणानं.

पत्नीला होतं आणि मला होत नाही, यातही नवल नाही. काहींना ही संवेदना येते, काहींना कितीही कुजबुज ऐकवली तरी येत नाही. न येणं हा दोष नाही, आणि येणं हा आजार नाही.

प्रयोगशाळेत काय दिसलं

आता शंका अशी, की लोक सांगतात ते खरं कशावरून? फौजेत आम्ही म्हणायचो, की टेहळणीवाल्याच्या अहवालाला दुसरीकडून दुजोरा हवा. तो दुजोरा २०१८ मध्ये मिळाला. शेफिल्ड विद्यापीठाच्या जूलिया पोएरिओ आणि सहकाऱ्यांनी ११० जणांना प्रयोगशाळेत बोलावलं. त्यांत हा अनुभव येणारे होते आणि न येणारेही. सगळ्यांना सारखेच व्हिडिओ दाखवले आणि शरीराची मोजमापं घेतली. ज्यांना एएसएमआर होतो, त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी सुमारे तीननं कमी झाले. तोंडानं सांगणं सोपं असतं, पण ठोके ठरवून उतरवणं कठीण. म्हणून या निष्कर्षाला वजन आहे.

याच प्रयोगात एक गमतीची गोष्ट दिसली. त्वचेची विद्युतवाहकता मात्र वाढली. उत्तेजना असली की घामाच्या ग्रंथी जाग्या होतात आणि त्वचेतून वीज किंचित अधिक वाहते. म्हणजे हृदय सांगतं 'शांत', त्वचा सांगते 'जागी'. एएसएमआर ही नुसती पेंग नाही. शांतपणा आणि सुखद जागेपणा दोन्ही एकत्र असतात.

इथेच तिचा आणि संगीताच्या रोमांचाचा फरक कळतो. इथून जवळच नरसिंगमपेट्टै गावात नादस्वरं बनतात. देवळात नादस्वर आणि तविल टिपेला पोहोचतात तेव्हा मलाही काटा येतो. रॉबर्ट झाटोरे आणि ॲन ब्लड यांनी २००१ मध्ये अशा रोमांचाच्या वेळचा मेंदू पाहिला होता. त्या वेळी हृदयाचे ठोके वाढत होते. रोमांच उसळतो आणि ओसरतो. एएसएमआर झिरपते आणि रेंगाळते. दोन्ही बहिणी असतील, पण जुळ्या नाहीत.

मेंदूचं काय? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ इथल्या संशोधकांनी दहा जणांना एफएमआरआय यंत्रात झोपवून व्हिडिओ दाखवले. झिणझिण येण्याच्या क्षणी मेंदूच्या पुढच्या भागाच्या मध्यावरचा पट्टा आणि 'न्यूक्लियस ॲक्युम्बन्स' हा बक्षिसाच्या सुखाशी जोडलेला भाग सक्रिय दिसला. पुढचा मध्यपट्टा स्वतःविषयीच्या आणि इतरांविषयीच्या विचारांत, जवळिकीच्या वर्तनात काम करतो. पण दहा ही संख्या लहान आहे. आणि ज्यांनी एमआरआय करून घेतलाय त्यांना ठाऊक आहे, की ते यंत्र हातोडे मारल्यासारखं वाजतं. त्या गदारोळात कुजबुज ऐकवून शांत करायचं, म्हणजे तोफेच्या शेजारी बसून सतार लावण्यासारखं. म्हणून या निष्कर्षाकडे दिशा म्हणून पाहावं, नकाशा म्हणून नाही.

स्पर्श न करता स्पर्श

असं का होत असावं? त्वचेचं शास्त्र इथे मदतीला येतं. आपल्या केसाळ त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात. कुठे, काय टोचलं ही तातडीची बातमी जलद तंतू नेतात. हे सी-टॅक्टाइल तंतू मात्र संथ आहेत. त्यांतून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर या गतीनं जातो. त्यांना आवडतो तो हळुवार स्पर्श, सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर वेगानं फिरणारा. बाळाच्या पाठीवरून आईचा हात याच वेगानं फिरतो. तिला कुणी शिकवलेलं नसतं. या तंतूंचं काम मोजमापाचं नाही, जिव्हाळ्याचं आहे.

आता एएसएमआरच्या व्हिडिओकडे पाहा. ब्रश त्याच संथ वेगानं फिरतो. आवाज दोन माइकांनी ध्वनिमुद्रित केलेला असतो, त्यामुळे हेडफोनमधून तो खरोखर डाव्या कानामागून उजव्या कानाकडे सरकल्यासारखा वाटतो. कानाशी कुजबुजायला माणूस वीतभर अंतरावर यावा लागतो, आणि इतक्या जवळ आपण फक्त विश्वासातल्या माणसाला येऊ देतो. मेंदू या खुणा जोडतो आणि 'कुणीतरी आपलं जवळ आहे, धोका नाही' असा अर्थ काढतो, असं मानायला जागा आहे. ऑक्सिटोसिन, एंडॉर्फिन अशी नावंही घेतली जातात. पण झिणझिणीच्या वेळी ही रसायनं वाढतात याचा थेट पुरावा अजून पुढे आलेला नाही. कुणी तसं छातीठोक सांगितलं तर पुरावा मागा.

अपेक्षेचाही वाटा असतो. २०१८ च्याच एका प्रयोगात दिसलं, की ज्यांना हा अनुभव ठाऊकच नव्हता, त्यांच्या उत्तरांवर 'आता झिणझिण येईल' असं आधी सांगण्याचा परिणाम होत होता. अनुभवी लोक मात्र सांगण्यावरून फसत नव्हते. म्हणून मित्राला व्हिडिओ दाखवायचा असेल तर आधी काही न सांगता दाखवा.

सुभेदारसाहेबांचा प्रश्न

आता ज्या फोनमुळे हा भाग मी पुढे न ढकलता आजच घेतला, त्याकडे येतो. माझ्या जुन्या रेजिमेंटमधले एक सुभेदारसाहेब सातारा जिल्ह्यात असतात. त्यांचा फोन आला. "साहेब, रात्री दोनला दचकून जाग येते. कानात रातकिडे ओरडतात. मुलानं हे कुजबुजीचे व्हिडिओ लावून दिले, त्यानं चार-पाच दिवस बरं वाटलं. आता डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू का?"

मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, गोळ्यांना हात लावायचा नाही. आधी आपण तीन गोष्टी वेगळ्या करू."

पहिली गोष्ट, कानातले रातकिडे. तोफखान्यातल्या बहुतेकांना ही सोबत असते, मलाही आहे. याला टिनिटस म्हणतात. पूर्ण शांततेत तो मोठा वाटतो, म्हणून मंद आवाज सुरू ठेवल्यानं आराम पडतो. कुजबुजीचा व्हिडिओ ते काम करू शकेल, पण पंख्याची घरघर किंवा पावसाचा आवाजही करू शकेल. हे झाकणं आहे, बरं करणं नाही. एकाच कानात वाजत असेल, ऐकू येणं एकाएकी कमी झालं असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला हवं.

दुसरी गोष्ट, झोप. आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ झोप बिघडली असेल, तर तो जुनाट निद्रानाश. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये त्यावरचा पहिला उपाय म्हणून औषध सांगितलं नाही, एएसएमआरही नाही. सांगितली ती निद्रानाशासाठीची वर्तन-उपचारपद्धती. उठायची वेळ ठरलेली, झोप येत नसेल तर अंथरूण सोडायचं, अंथरुणावर फोन नाही. फौजेतल्या माणसाला ही शिस्त अवघड नाही. मोठं घोरणं आणि दिवसा पेंग असेल, तर झोपेत श्वास अडकतो का हेही तपासायला हवं.

तिसरी गोष्ट, दचकून उठणं. ही सगळ्यांत महत्त्वाची. मी त्यांना विचारलं, "कुजबुज ऐकून कधी छातीत धडधडतं का?" ते जरा थांबले. "कधी कधी, साहेब. उठून बसतो." मला याचं आश्चर्य वाटलं नाही. सामान्य माणसासाठी कुजबुज म्हणजे आईची कूस. आमच्यासाठी वर्षानुवर्षं कुजबुज म्हणजे रात्रीची गस्त, रेडिओवरचा दबलेला आवाज, समोर कुणी आहे की नाही याचा कानोसा. तोच आवाज, पण शरीरानं शिकलेला अर्थ उलटा. एएसएमआर सुखद वाटायची असेल तर आधी सुरक्षित वाटावं लागतं. जिथे सुरक्षितपणाचं भानच दुखावलेलं आहे, तिथे हा उपाय उलटूही शकतो.

वाईट स्वप्नं, दचकणं, चिडचिड, माणसांपासून तुटणं हे महिन्याहून जास्त चाललं असेल, तर ते मनाच्या जखमेचं लक्षण असू शकतं आणि त्यावर खरे उपचार आहेत. माजी सैनिकांना ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं जातं. आणि कुणालाही, सैनिक असो वा नसो, सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. सुभेदारसाहेबांच्या पत्नी शेजारीच होत्या. त्यांनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, मी नेते यांना." पुढच्या आठवड्यात दोघं जाऊन आले. गोळ्या चालू आहेत, व्हिडिओ नाही. रात्री त्या पंखा मोठा करतात.

तुमचे बाकीचे प्रश्न

*हे अश्लील आहे का?* बॅरट-डेव्हिस अभ्यासात ९८ टक्के लोक मन सैल व्हावं म्हणून, ८२ टक्के झोपेसाठी आणि ७० टक्के ताण उतरावा म्हणून हे बघत होते. लैंगिक हेतू सांगणारे ५ टक्के होते. चीनमध्ये २०१८ साली अधिकाऱ्यांनी अशा व्हिडिओंवर कात्री चालवली, कारण काही जण या नावाखाली दुसरंच विकत होते. म्हणजे अनुभव निर्मळ आहे. पण नाव वापरून काय दाखवलं जातंय यावर मुलांच्या बाबतीत लक्ष हवं.

*मला तर चावण्याचे, मचमच करण्याचे आवाज ऐकून राग येतो. मी विचित्र आहे का?* नाही. याला मिसोफोनिया म्हणतात. एकाला जो आवाज गुंगी आणतो, तोच दुसऱ्याचं डोकं तापवतो. घरातल्यांनी "तुझं नाटक आहे" म्हणू नये, आणि ज्यानं डबा वाजवलाय त्यालाही गुन्हेगार ठरवू नये. हेडफोन दोघांच्या भल्याचे.

*मन उदास असताना याचा उपयोग होतो का?* त्याच अभ्यासात उदासी अधिक असलेल्यांनी मनःस्थिती सुधारल्याचं सांगितलं. काहींनी जुनाट दुखणंही तात्पुरतं कमी वाटल्याचं सांगितलं. पण ही सुधारणा काही तासांची आहे. सावलीत बसलं की ऊन लागत नाही, पण ताप उतरत नाही.

*पहिल्यांदा छान झिणझिण आली, आता येत नाही.* हे बऱ्याच जणांना होतं. रोज तासन्‌तास ऐकलं की सवय होते. काही दिवस थांबा. बहुतेकांना ती पुन्हा येते.

वापरायचं तर असं वापरा

आवाज कमी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे, लहानांसाठी ७५ डेसिबल. कुजबुज ऐकायला आवाज वाढवायचा मोह होतो आणि मध्येच एखादी जाहिरात कानठळ्या बसवते. म्हणून जाहिरातीविना चालणारं ध्वनिमुद्रण घ्या. फोन उपडा ठेवा, नुसतं ऐका, आणि अर्ध्या तासाचा टायमर लावा. हेडफोन कानात ठेवून रात्रभर झोपू नका. गाडी चालवताना अजिबात ऐकू नका.

आणि शेवटचं. ज्या गोष्टीची ही नक्कल आहे, ती मूळ गोष्ट अजून आपल्या घरात फुकट आहे. आईच्या डोक्याला तेल लावून द्या. नातवाच्या पाठीवरून हात फिरवा, सावकाश, सेकंदाला तीन-चार सेंटीमीटर. त्यासाठी जोडणी लागत नाही आणि जाहिरातही येत नाही.

पुढच्या भागात याच विषयाची दुसरी बाजू घेऊ: वयाबरोबर ऐकू येणं कसं कमी होतं, आणि श्रवणयंत्र घ्यायला आपण इतकी वर्षं का लावतो. तुमच्या घरात कुणी टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, तर त्यांना शेजारी बसवून वाचा. तोवर नमस्कार.